बूट दारात होते

पुणे, २८ जुलै

समाधान,

जय भीम. मी जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग बाकीचं सावकाश वाच. तुझ्या त्या डोंगरात टीव्ही लागत असेल तर पाहिलं असशील, भिडे पूल पाण्याखाली. टीव्हीवाल्यांना दर वर्षी तोच एक पूल सापडतो. या वेळी पाणी आपल्या वस्तीतही शिरलं. पहाटे भोंगा वाजला. कुणी उठलं नाही, कारण भोंगा दर वर्षी वाजतो. मग मालनबाईंचा सिलेंडर तरंगत येऊन आपल्या दाराला धडकला, तेव्हा सगळी गल्ली उठली.

माणूस कुणी गेलं नाही. शाळेच्या वरच्या मजल्यावर होतो, पाणी उतरल्यावर खाली आलो. खिचडी खाऊन खाऊन जिभेची चव गेली. आपल्या पिठाच्या गिरणीची मोटर बुडाली, पट्टा कुठे गेला पत्ता नाही. मोबाईलही गेला. नवा घेणार नाही, आता जरा शांतता आहे. तसाही तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर तू बोलत नाहीस. म्हणून हे पत्र. सातवीपर्यंतचं शुद्धलेखन आहे, चुका काढत बसू नकोस.

कळवायचं ते हे की दवाखाना गेला. तू बसायचास तोच. लस ठेवायचा फ्रिज उताणा पडलेला मी बघितला. गोळ्यांची खोकी फुगून लापशी झालीत. नवी डॉक्टरीण आहे, सलोनी नावाची. हाडं दिसतात इतकी बारीक. सध्या ती रस्त्यात ताडपत्रीखाली प्लास्टिकचं टेबल टाकून बसते. जुलाबवाले समोर उभे, बायका सगळ्यांसमोर दुखणं सांगायला लाजतात आणि तशाच परत जातात. ती पाणी उकळून प्या म्हणते. कशावर उकळायचं ते सांगत नाही. शेगड्या कुठल्या कुठे गेल्या.

साहेब लोक येऊन गेले. म्हणाले, दवाखाना तात्पुरता पुलापलीकडच्या शाळेत हलवू. तात्पुरता म्हणजे काय ते मला कळतं. एकदा पलीकडे गेला की इकडे परत येत नाही. मालनबाईंनी बीपीच्या गोळीसाठी ते गुडघे घेऊन पूल ओलांडायचा का. मी म्हणलं, आमचा विहार घ्या, पक्कं छत आहे. साहेब म्हणाले, आजी, विहारात गुडघाभर गाळ आहे. मी म्हणलं, गाळ काय जन्माचा आलाय का राहायला. मग म्हणाले, शुक्रवारपर्यंत जागा कोरडी दाखवा, नाहीतर शाळा.

आता यात डॉक्टरीणबाईंचं वेगळंच. गाळात कुणी उतरायचं नाही म्हणते. आधी बूट, आधी हातमोजे, आधी गोळ्या, आणि गोळ्या पुढच्या आठवड्यात येणार. मग महापालिकेची माणसं यंत्र घेऊन येणार, ती कधी ते कुणालाच माहीत नाही. तिचं ऐकलं तर शुक्रवार जातो. वर्षावासाचं, पावसाळाभर विहारात चालणारं संध्याकाळचं वाचनही बंद पडलंय. मूर्ती आधीच माळ्यावर ठेवली होती, ती ठीक आहे.

बघते काय करायचं ते.

तू दवाखान्यात असताना कावीळ आली म्हणून आपली बोअर बंद करून टाकलीस, बायका टँकरमागे पळाल्या, आणि मी तुला सगळ्यांसमोर म्हणलं, एवढा बाऊ करायचा तर दुसरीकडे जाऊन डॉक्टरकी कर. तू गेलास. ते मी अजून तसंच म्हणते. त्या विषयावर मला लिहू नकोस.

आई

पुणे, १ ऑगस्ट

समाधान,

विहार कोरडा झाला. दवाखाना आत बसला. साहेबांना तोंड उघडायला जागा ठेवली नाही.

परवा सकाळी केलं. गल्लीतल्या बाया, पाच-सहा बाप्ये, मालनबाईंचा चेतन, आणि सदाशिव पेठेतून आलेल्या चार पोरी. त्या एमपीएससीचा अभ्यास करतात, खोल्यांवर राहतात, खिचडी वाटायला आल्या होत्या. मी म्हणलं, खिचडी पुष्कळ झाली, फावडं धरता येतं का. एक होती पायल नावाची, बुलढाण्याकडची. ती म्हणाली, आजी, आमच्याकडे विहीर उपसतात तेव्हा मीच खाली उतरते. पोरगी चांगली. कामाला वाघ. बाकीच्या तिघींनी आधी फोटो काढले.

बुट्ट्या भरायच्या, हातोहात द्यायच्या, मागच्या नाल्यात टाकायच्या. वास असा की डोळ्याला पाणी. खालच्या गाळात काय काय होतं, ते लिहीत नाही, तू जेवत असशील. मेलेल्या घुशीच पाटीभर निघाल्या. मालनबाईंच्या टाचेत काच घुसली, फुटलेल्या ट्यूबची. हळद भरली, फडकं बांधलं, परत उतरल्या. मी म्हणलं, बसा आता. तर म्हणाल्या, तुम्ही उभ्या आहात तोवर मी बसणार नाही. लहानपणापासूनची सवय आहे तिला, माझ्याशी बरोबरी करायची.

तू विचारशील म्हणून सांगते. बूट आले होते. कुठल्यातरी संस्थेने पाठवले, नवे कोरे, गुडघ्यापर्यंतचे. दारात ओळीने लावून ठेवले होते. एकही चोरीला गेला नाही.

दुपारी फरशी धुतली, ब्लिचिंग मारलं, संध्याकाळी साहेब आले आणि मुकाट सही करून गेले. डॉक्टरीणबाई एवढी खूश झाली की फरशीकडे बघतच राहिली. कुणी केलं विचारलं. मी म्हणलं, महापालिकेची माणसं सकाळी येऊन गेली. तिला खरं सांगितलं असतं तर तिने नियम काढला असता, विहाराला कुलूप आणि शाळा पक्की. गल्लीलाही तेच सांगून ठेवलंय. तू यात पडू नकोस.

आता दवाखाना बघायला ये असं मी म्हणणार नाही. पण बघण्यासारखा झालाय. मूर्तीसमोर पडदा लावून बायकांची तपासणी. मधल्या वेळात लस. संध्याकाळी टेबल बाजूला सारून वाचन. कालपासून वाचन परत सुरू झालं.

आई

पुणे, ९ ऑगस्ट

समाधान,

पत्राला पत्राने उत्तर द्यायचं असतं. तू फोन केलास, तोही डॉक्टरीणबाईला. ती भर रांगेतून उठून माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, समाधान सरांनी विचारलंय, बूट दारात होते, तर पाय कुठे होते?"

माझ्या पत्रात कुठली ओळ धरायची ते तुला बरोबर कळतं. बापावर गेलास.

आता ऐक. विहारात पायात घालून कोण जातं? तू गेलास कधी? बाहेर चपला काढायच्या, मग आत पाय ठेवायचा, हे तुला बोलायला यायच्या आधी शिकवलंय. गाळ असला म्हणून विहाराचा विहारपणा जातो का? लोक आपोआप उंबऱ्यापाशी थांबले आणि बूट काढले. मी कुणाला सांगितलं नाही. त्या पोरी तेवढ्या बुटासकट आत निघाल्या होत्या, त्यांना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. पायल म्हणाली, आजी, चुकलं, आणि दोन्ही बूट काढून बाकीच्यांच्या शेजारी जोडून ठेवले.

डॉक्टरीणबाईला मी म्हणलं, माझा मुलगा लांब बसून पत्रातून काहीबाही वाचतो. आम्ही नुसता शेवटचा झाडू मारला, गाळ महापालिकेने काढला. तिने माझ्याकडे बघितलं. मग मागे पोराला उलटी झाली म्हणून ती गेली.

तिला कामच तेवढं आहे. ताप आहेत वस्तीत. पावसात असतातच. रोज नव्या कुणाला तरी ताप. ती प्रत्येकाला तेच विचारते, गाळात उतरला होतात का, पायाला जखम होती का. गोळ्या आल्यात तिच्या, जो हो म्हणेल त्याला देते. पलीकडच्या चाळीतले हो म्हणतात, त्यांची घरं भरली होती. आपल्या गल्लीतले माझ्याकडे बघतात आणि नाही म्हणतात.

मालनबाईंना दोन दिवस ताप आहे. डोळे लाल झालेत, ते डोळे येण्याची साथ चालू आहे म्हणून. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही. वाकून वाकून काम केलं ना, या वयात. मी तेल लावून चोळून दिल्या. ओरडली. एवढं ओरडायची बाई नाही ती. बाळंतपणात ओरडली नव्हती.

डॉक्टरीणबाईने तिलाही विचारलं. मी तिथेच होते, तिचा हात धरून. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, नाही बाई, मी कशाला उतरते गाळात, माझे गुडघे बघा. रक्त घेतलंय तपासायला. डेंगूचं.

तू पुन्हा फोन करू नकोस. त्या पोरीचा वेळ जातो. मी सांगेन तिला, जरा गर्दी कमी झाली की. मालनबाईंना उतार पडू दे, मग सांगते. आत्ता सांगितलं तर विहार बंद होईल, आणि मग ताप आलेल्यांनी पूल ओलांडायचा का, हेही बघ ना.

आई

पुणे, १५ ऑगस्ट

समाधान,

मालनबाई गेल्या. परवा.

डेंगू नव्हता. त्या रात्रभर खोकल्या, सकाळी थुंकीत रक्त आलं. चेतनने रिक्षात घातलं, मी मागे. मोठ्या सरकारी दवाखान्यात नेल्या नेल्या त्यांनी विचारलं, लघवी कधी झाली होती. चेतनला माहीत नाही. मुलाला कसं माहीत असणार. मला माहीत होतं. आदल्या दिवशी मीच त्यांना धरून नेलं होतं, काही झालं नाही म्हणून परत आणलं. मी म्हणलं, काल सकाळपासून नाही. तिथला डॉक्टर कागदावर लिहायचं थांबला आणि माझ्याकडे बघितलं. तुझ्यापेक्षा लहान होता. मालनबाईंच्या डोळ्यांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. मला वाटलं होतं, उजेड तसा पडलाय.

संध्याकाळपर्यंत होत्या.

कालचं आता लिहिते. काल सकाळी विहारात मालनबाईंसाठी वंदना झाली. डॉक्टरीणबाई मागे उभी होती, चप्पल हातात धरून, कुठे ठेवावी कळत नव्हतं तिला. सगळं आटपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली की या जागेतला गाळ कुणी काढला हे मला आज कळलं पाहिजे. रागावून नाही. उंदराच्या मुतातून येतो हा ताप, म्हणाली. गाळातून, पायाच्या चिरेतून आत जातो. आधी गोळी घेतली तर बहुतेक वेळा अडतो. वेळेवर आलं तर बरा होतो. उशीर झाला तर मालनबाई.

समोर चेतन बसला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी फरशीकडे बघत होते. मोठ्याने हुशारी करणारी तुझी आई, समाधान, तोंड शिवून बसली.

दुपारी ती एकटी पडद्यामागे डबा खात होती, तेव्हा गेले. उभ्यानेच सांगितलं. बूट मी काढायला लावले नाहीत, पण घालायलाही लावले नाहीत. महापालिकेचं मी रचलं. मालनबाई माझ्याकडे बघून खोटं बोलल्या. समाधान बरोबर होता, मी त्याला वेडा ठरवलं.

मला वाटलं होतं ओरडेल. तिने डबा बंद केला आणि म्हणाली, "आजी, नंतर बोलू. आता मला प्रत्येकाचं नाव सांगा, आणि घर दाखवा."

दारोदार फिरलो दोघी. संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी माणसं गोळी घेऊन झाली. तिघांना ताप होता, त्यातल्या एकाच्या पोटऱ्या दुखत होत्या. त्याला लगेच गाडीत घातलं, उचलून, तो चालतो म्हणत होता तरी. मलाही गोळी दिली. घेतली. तू विचारशील म्हणून लिहिते.

विहार तिने बंद केला नाही. मी विचारलं, करणार का. म्हणाली, आता धुऊन घेतलाय तो, आता त्याची कशाला भीती, बंद करून काय मिळणार. म्हणजे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी केला नसता. हे मी तिला विचारलं नाही. तूच काय ते समज.

चेतनला डॉक्टरीणबाईने सांगितलं. मी सांगते म्हणलं होतं, तर म्हणाली, तुम्ही नका. तो काल घरी आला, दाराबाहेर उभा राहिला. मी म्हणलं, आत ये. म्हणाला, मावशी, मी पण होतो तिथे, बूट मी राखत होतो, आईला मी तरी म्हणायचं होतं. मग गेला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तेवढंही त्याने केलं नाही.

आणि आज सकाळी अंघोळ करताना आठवलं. सदाशिव पेठेतल्या पोरी. त्यांचं नाव डॉक्टरीणबाईला मी सांगितलंच नाही. गल्लीतली नावं सांगितली. त्या माझ्या गल्लीतल्या नव्हत्या.

आई

पुणे, १८ ऑगस्ट

समाधान,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहितोस आणि चौथीत विचारतोस, तुझा स्वतःचा ताप लपवत नाहीस ना. नाही. मी ठणठणीत आहे. तीच अडचण आहे.

दोन दिवस सदाशिव पेठ पायाखाली घातली. नाव एकच माहीत, पायल. तिथे एकेका वाड्याच्या जागी आता चार मजले, आणि एकेका मजल्यावर पायल. अभ्यासिकेत जाऊन विचारलं तर पोरं तोंडावर बोट ठेवतात, शांतता राखा म्हणून. मी म्हणलं, ठेवते शांतता, आधी सांगा पुरात खिचडी वाटायला कोण गेलं होतं. एकाने मान वर न करता सांगितलं, आजी, पुरात सगळेच गेले होते, फोटो टाकलेत. मेसवाल्या बाईने जास्त मदत केली. म्हणाली, डब्याचं पातेलं मुठा नदीत कुणी बुडवून आणलं ते मला चांगलं माहीत आहे.

तिघी एकाच खोलीत सापडल्या. डॉक्टरीणबाई माझ्याबरोबर होती, दवाखाना आटोपून आली होती, पायात दम नव्हता तिच्या. निकिता नावाच्या एकीला ताप होता, दुखऱ्या पोटऱ्या उशीवर ठेवून पाठांतर चाललेलं. तिला तिथूनच ॲडमिट केलं. आज बरी आहे म्हणतात. बाकी दोघींना गोळ्या दिल्या.

पायल नव्हती. ती गावाला गेली. ताप आला, खोलीवर कोण करणार म्हणून आईने बोलावून घेतलं. निकिताने फोन लावला, बंद. दुपारी लावला, बंद. आज सकाळी आईने उचलला. शकू नाव तिचं. फोन मी घेतला. मी म्हणलं, पोरगी कशी आहे. म्हणाली, आता बरी आहे हो, ताप गेला कालपासून, नुसती झोपून आहे, खात नाही. मी म्हणलं, डोळे कसे आहेत. म्हणाली, कावीळ आहे ना तिला, पिवळे आहेत, औषध बांधून आणलंय. पोटऱ्या म्हणलं तर म्हणाली, आता दुखत नाहीत. लघवी म्हणलं तर जरा थांबली. म्हणाली, ती पाणीच पीत नाही तर कुठून होणार.

मी म्हणलं, आत्ता गाडी करून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. म्हणाली, उद्या तिचे वडील येतील. मी ओरडले. फोन कट झाला. परत लावला तर बंद. चार्जिंग नसेल, निकिता म्हणाली. डॉक्टरीणबाईने तिथल्या आरोग्य केंद्राचा नंबर शोधला, कुणाशी तरी बोलली. ते माणूस पाठवतो म्हणाले. पाठवतील. पण मालनबाईंच्या वेळी मीही सांगेन म्हणलं होतं.

वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर आहे. मेहकरची गाडी लागली आहे. पत्र इथेच पेटीत टाकते. तुला हे मिळेल तोवर काय ते झालेलं असेल.

आई

बुलढाणा, २१ ऑगस्ट

समाधान,

हे सरकारी दवाखान्यात, पायलच्या खाटेशी बसून लिहिते आहे. गाव मेहकरच्या पुढे, आत. एसटीतून उतरून एका मोटरसायकलवाल्याच्या मागे बसले. त्याने विचारलं, आजी, कुणाकडे. मी म्हणलं, पायलकडे. म्हणाला, पुण्याची पायल ना, कलेक्टर होणार आहे ती.

आरोग्य केंद्राचा माणूस येऊन गेला होता. शकूने त्याला चहा दिला, पोरगी झोपलेली दाखवली. ताप नाही बघून तो उद्या परत येतो म्हणाला. मी गेले तेव्हाही ती झोपलेलीच होती. मी हाक मारली. डोळे उघडले. हळदीसारखे. म्हणाली, आजी, तुम्ही इथे कशा. आणि परत मिटले. मी शकूला म्हणलं, जीप आण. ती म्हणाली, जेवून तर घ्या, एवढ्या लांबून आलात. मी म्हणलं, बाई, जीप.

इथे आल्यापासून ती अशीच पडून आहे. मशीनवर रक्त धुतात तिचं. लघवीला नळी लावली आहे, खाली पिशवी लटकते. डॉक्टर म्हणतात, पिशवीत काही यायला लागलं तर धरा, पोरगी वाचली. तोवर काही सांगता येत नाही. तू माझ्यापेक्षा जास्त समजशील, म्हणून तुला तसंच लिहिते.

शकू शेतमजुरी करते. उंच, काळी, कमी बोलणारी. मला तिने तीन दिवसांत एक काम करू दिलं नाही. घरून भाकरी येते, आधी मला वाढते. वॉर्डातल्या सगळ्यांना सांगते, ह्या पुण्याच्या आजी, माझ्या पोरीसाठी एसटीने आल्या, नात्याच्या ना गोत्याच्या, असं माणूस आता कुठे असतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी माझ्या पाया पडायला आली. मी पाय मागे घेतले. शकूला वाटलं, मोठेपणा नको म्हणून घेतले.

तिला मी अजून सांगितलं नाही. आल्या दिवशी जीपची घाई होती. दुसऱ्या दिवशी पोरीचा श्वास वर लागला होता. कारणं मला लागतील तेवढी सापडतात, हे आता मलाच कळलंय. मालनबाईंना उतार पडू दे, मग सांगते, असं मी तुला लिहिलं होतं. उतार पडला नाही.

शकू पाणी आणायला खाली गेली आहे. आली की सांगते. पत्र तोवर बंद करत नाही.

सांगितलं.

उभ्याने नाही, बसून सांगितलं. तिच्या पोरीच्या पायात बूट होते. मी उंबऱ्यावर थांबवलं. म्हणलं, विहारात पायात घालून येत नाहीत. ती चुकलं म्हणाली आणि काढले. पुढे डॉक्टरने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि पोरींची आठवण मला सगळ्यात शेवटी आली. एवढंच सांगितलं. डॉक्टरीणबाई, पूल, शाळा, यातलं काही सांगितलं नाही. ते तिच्या काय कामाचं.

शकू ऐकत होती. मधे एकदा तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. माझं संपल्यावर विचारलं, "ती चुकलं म्हणाली?"

मी म्हणलं, हो.

"लहानपणापासून तशीच आहे," म्हणाली. "मोठ्या माणसाला उलट बोलत नाही. मीच शिकवलं."

मग उठली. माझ्या शेजारचा भाकरीचा डबा उचलला आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली, पोरीच्या डोक्यापाशी. मला वाटलं आता म्हणेल, निघा. मी पिशवी भरायला घेतली माझी. तेव्हा म्हणाली, "कुठे निघालात? मला इथून खालचं दिसत नाही. तुम्ही तिकडे बसा आणि ती नळीची पिशवी बघत राहा. काही आलं की मला सांगायचं. लगेच सांगायचं."

मी पायलच्या पायाकडे बसले आहे. पत्र गुडघ्यावर ठेवून लिहिते, एक ओळ लिहिली की खाली बघते. तुला यायचं असेल तर डॉक्टर म्हणून ये, इथल्या डॉक्टरांशी बोल. मी इथून उठणार नाही.

अजून काही आलेलं नाही.

आई